न आलेले गुडघे

अधिराजने चेंडू डाव्या पायाने अडवला, खांदा खाली टाकला आणि उजव्या पायावर गर्रकन वळायला सुरुवात केली. वळण अर्ध्यावर आलं आणि गुडघ्यावरचा पट्टा कडक झाला. भिंतीला टेकवलेली शिडी घसरावी तसा चिंचतळी तालमीच्या फुटबॉल संघाचा सगळ्यात चपळ गडी सरळच्या सरळ आडवा झाला. घाटवेस तालमीच्या बचावपटूने त्याला स्पर्शही केला नव्हता. त्याने नुसता डावीकडून अंगावर येण्याचा आव आणला होता. आता तो चेंडू घेऊन निवांत निघाला.

"अरे, तेल घाला रे त्या बिजागरीला!" घाटवेसच्या बाजूने कोणीतरी ओरडलं आणि अख्खी गॅलरी हसली.

बाकावर बसलेल्या देवयानीने मांडीवरच्या टॅबकडे पाहिलं. 'अधिराज चौगुले. उजवा गुडघा. धोका टळला.' अक्षरांशेजारी हिरवा ठिपका शांतपणे लुकलुकत होता. तिला तो टॅब मैदानात भिरकावून द्यावासा वाटला.

"ए पट्टेवाली! भाऊ हाय का खुंटी?" या वेळचा आवाज आपल्याच पेठेतला होता.

पट्टेवाली हे नाव तिला दोन वर्षांपूर्वी मिळालं. हाडं, सांधे आणि स्नायू यांचं यंत्रशास्त्र शिकून, एम.टेक. होऊन ती कोल्हापूरला परत आली, त्याच हंगामात पट्टा सक्तीचा झाला. पट्टा नसेल तर मैदानात पाय नाही, असा नियम. प्रत्येक संघाला पट्टे जुळवून देणारा एक जाणकार लागणार होता आणि चिंचतळीला तो घरातच सापडला. कचेरीतल्या शिपायाचं नाव आपल्याला चिकटलं याचं तिला पहिले काही महिने हसू यायचं. आता येत नव्हतं.

पट्टा वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. गुडघ्याच्या आत, वरचं हाड आणि खालचं हाड यांना तिरकं बांधून ठेवणारा करंगळीएवढ्या जाडीचा एक दोर असतो. खेळाडू धावता धावता थांबतो, पाय रोवून वळतो, गुडघा आत झुकतो आणि दोर तुटतो. पाय जमिनीला लागल्यापासून दोर तुटेपर्यंत डोळ्याची पापणी लवायलाही वेळ मिळत नाही. धोक्याची बातमी मेंदूपर्यंत जाऊन स्नायू आवळेपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणजे माणूस कितीही सावध असला तरी या एका अपघातापासून स्वतःला वाचवू शकत नाही.

पट्टा वाचवू शकत होता. त्याच्या कापडात विणलेले तंतू गुडघ्याचा कोन, पीळ आणि वेग सतत मोजत राहत. दोन्ही बाजूंच्या चपट्या नळ्यांत तेल आणि त्यात मिसळलेली लोखंडाची अतिबारीक पूड. एरवी ते तेल पातळ असल्यामुळे पाय मोकळा हलायचा. धोक्याची चाहूल लागली की नळीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होई, लोखंडाचे कण साखळ्या धरून उभे राहत आणि तेल दगड होई. क्षणभरच. मग पुन्हा पातळ. चाहूल कशी ओळखायची, हे पट्टा देशोदेशींच्या हजारो खेळाडूंच्या हालचालींवरून शिकला होता.

त्या हजारोंत चिंचतळीचा मात्र एकही नव्हता.

*

"गिरकी आपल्या तालमीची," आबा इंगवले म्हणाले. सामना बरोबरीत सुटला होता आणि संघ तालमीच्या ओट्यावर तोंडं पाडून बसला होता. आबा संघाचे प्रशिक्षक. पासष्टीचे, पण अजून ताठ. "आमच्या वस्तादांनी कुस्तीतनं उचलून चेंडूवर आणली. कंबर आधी फिरवायची, पाय मागनं. इतकी वर्षं मारतोय आम्ही. काय झालं कुणाला? आणि हा तुझा पट्टा कालचा. तो आम्हाला शिकवणार व्हय?"

"आबा, तो कंबर बघत नाही, फक्त गुडघा बघतो. त्याला आपली गिरकी आणि दोर तुटतानाची हालचाल सारखीच दिसते."

"मग शिकव की त्याला. तू शिकलीस, त्याला बी शिकव."

"आणि घाटवेसवाल्यांना कळलंय," अधिराज बुटाच्या नाड्या ओढत म्हणाला. "आता माझ्यावर कुणी गडी लावतच नाही. पट्ट्यावर लावतात. डावीकडून नुसतं खोटं खोटं यायचं. मी गिरकीला गेलो की पट्टाच मला पाडतो. त्यांच्या बचावफळीत माझा पट्टा बारावा गडी आहे."

हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

घरी जाताना अधिराज गाडीवर देवयानीच्या मागे बसला. मग म्हणाला, "दीदी, अंतिम सामन्याला पोचलो तर गोव्याच्या क्लबचा माणूस येतोय. नुसता मला बघायला. पुढच्या वर्षी कोण येणार आहे? आणि आला तर तो काय बघणार, मी लाकडासारखा कसा पडतो ते?"

"मी कंपनीला तीन वेळा कळवलंय."

"कंपनी काय म्हणते?"

"म्हणते, पट्टा बरोबर काम करतोय."

"झालं तर मग," तो म्हणाला. "सगळे बरोबर आहेत. मीच चुकीचा वळतोय."

त्या आठवड्यात देवयानी ज्याच्या त्याच्यावर चिडत राहिली. भावाच्या गुडघ्यात जन्मल्यापासून असलेली लय एका नळीतल्या तेलाने खाऊन टाकली होती आणि ते तेल सांभाळायची नोकरी तिची होती. कंपनीच्या नियमांत एक वाट मात्र होती. स्थानिक खेळशैलीतली एखादी हालचाल सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा दिला, तर पट्ट्याला ती नव्याने शिकवता येत होती. पुरावा म्हणजे गिरकी मारणाऱ्या भरपूर धडधाकट गुडघ्यांची मोजमापं.

आणि असे गुडघे कुठे मिळतील, हे पेठेत कोणालाही विचारावं लागत नाही.

*

तालमीच्या वर्धापनदिनाला जुन्या खेळाडूंचा सामना होतो. पंचविशीपासून सत्तरीपर्यंत कोणीही यावं. निकालाला महत्त्व नसतं. महत्त्व असतं ते सामन्याआधी. प्रत्येकाने मधल्या वर्तुळात यायचं, चेंडू घ्यायचा आणि एक गिरकी मारून दाखवायची. मारली की तालमीचा भगवा फेटा. गिरकी मारल्याशिवाय फेटा नाही, मग तो नगरसेवक असो नाहीतर पंच.

देवयानीने त्या दिवशी प्रत्येकाच्या गुडघ्याला पट्टा बांधला. कडक होण्याची सोय बंद, फक्त मोजणी चालू.

"जरा सैल बांध गं, जावई बघायला आल्यात," एक पोट सुटलेले काका म्हणाले.

"काका, गुडघ्याला बांधतेय, पोटाला नाही."

"तेच म्हणतोय. गुडघा दिसायचा बंद होऊन दहा वर्षं झाली. आहे ना अजून जाग्यावर?"

हलगी वाजत होती. एकामागून एक माणसं वर्तुळात येत होती. कोणी सफाईने वळलं, कोणी धापा टाकत, पण वळलं प्रत्येक जण. आबांची गिरकी तर अशी झाली की पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. टॅबवर आकडे ओळीने उतरत होते आणि देवयानीला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. पन्नाशीतले, साठीतले गुडघे, आयुष्यभर गिरक्या मारलेले, आणि सगळे शाबूत. यापेक्षा चांगला पुरावा कोणता असणार?

कंपनीच्या संगणकाने मोजमापं तपासली आणि मान्य केली. आकडे स्वच्छ होते. त्यांत खोट नव्हतीच. गिरकीला न अडवणाऱ्या या नव्या मांडणीवर पट्ट्याचा दिवा हिरव्याऐवजी निळा लागायचा. देवयानीने संपूर्ण संघाचे पट्टे निळे केले.

उपांत्य सामन्यात अधिराजने पहिली गिरकी मारली तेव्हा समोरचा बचावपटूही घाटवेसचाच डाव उचलून डावीकडून खोटा आला आणि तसाच पुढे निघून गेला. अधिराज वळून दुसरीकडेच होता. त्याने दोन गोल केले. सामना संपल्यावर गुलालाने माखलेला तो धावत बाकापाशी आला आणि बहिणीला कमरेला धरून उचललं. "पट्टेवाली! आता ओळखतो गं पट्टा मला!"

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दूध कट्ट्यावर गेली. म्हशी उभ्या होत्या, धारा काढणं चालू होतं, लोक फेसाळ पेले हातात घेऊन कालच्या सामन्याबद्दल बोलत होते. कडेला एक गृहस्थ स्कूटरवर बसले होते. त्यांचा पेला गवळ्याने न सांगता तिथे नेऊन दिला.

"काय पट्टेवाली," ते म्हणाले, "सोडवलीस म्हणं गिरकी पट्ट्यातनं. बेस्ट केलंस. काल तुझ्या भावाला बघून अंगावर काटा आला."

"तुम्ही खेळायचात?"

"शामू पोवार. तुझ्या बाबांना विचार. पोवारची गिरकी बघायला सांगलीवरनं लोक यायचे."

"मग काका, वर्धापनदिनाला आला नाहीत ते? मला तुमची मोजायला मिळाली असती."

पोवारकाका मोठ्याने हसले. "अगं, गिरकीशिवाय फेटा न्हाई. आणि गिरकीला गुडघा लागतोय की." त्यांनी उजव्या मांडीवर थाप मारली. "ह्यो गेला, त्याला वीस वर्षं झाली. गिरकीतच. जिना सुद्धा बाजूनं उतरतो, खेकड्यागत. मी येत न्हाई, विलास येत न्हाई, बंडा मोहिते येत न्हाई. कशाला यायचं? खुर्चीत बसून दुसऱ्याचा फेटा बघायला?"

ते सहज बोलले होते. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. देवयानीच्या हातातला पेला मात्र तसाच राहिला आणि वरचा फेस हळूहळू बसत गेला.

पंगतीतलं जेवण बाधलं का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा पंगतीला आलेल्यांनाच विचारावं, तसं तिने केलं होतं. ज्यांना बाधलं ते घरी अंथरुणावर होते. वर्धापनदिनाचा सामना म्हणजे एक चाळणच होती. गिरकीने ज्यांचे गुडघे तोडले, ते त्या वर्तुळात येऊच शकत नव्हते. जे आले ते वाचलेले होते, आणि तिने वाचलेल्यांना मोजून पट्ट्याला सांगितलं होतं की इथे कोणी मरत नाही.

पुढचे दिवस ती पेठेत न आलेल्यांना शोधत फिरली. विलास माने उंच स्टुलावर बसून पानपट्टी चालवत होते. बंडा मोहिते हसत म्हणाले, "गुडघा? कुठला? देवानं दिलेला की डॉक्टरनं?" एकाचा पाय मोटारसायकलवरून पडून गेला होता, तो तिने वगळला. उरलेले गिरकीचेच होते. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट अशी, की या माणसांना मोजून उपयोग नव्हता. ते नेमके कसे वळले होते, पाय कुठे रोवला होता, कंबर किती मागे राहिली होती, हे कळलं असतं तर चांगल्या आणि वाईट गिरकीतला फरक पट्ट्याला शिकवता आला असता. पण तुटलेला गुडघा ती हालचाल पुन्हा करून दाखवू शकत नाही. हवे असलेले आकडे एकेका सामन्यात एकदाच निर्माण झाले होते आणि तेव्हा पट्टे नव्हते.

*

"खेळ म्हटल्यावर मोडतोड होतीच," आबा म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होता, कुणाला काही झालं नाही."

"मग मला काय झालंय? बघ की. पासष्टाव्या वर्षी मारली का न्हाई तुझ्यासमोर?"

"तुम्ही मारू शकता म्हणून तर तुम्ही इथे आहात, आबा! पोवारकाकांचा गुडघा टिकला असता तर आज प्रशिक्षक ते असते, आणि तेही हेच म्हणाले असते!"

आबांचा चेहरा क्षणभर बदलला. मग ते उठले आणि चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली. "अंतिम सामन्याआधी असलं बोलू नकोस पोरांपुढं. पाय कापत्यात त्यांचे."

अधिराजने मात्र सगळं ऐकून घेतलं. तो अंगणात भिंतीवर चेंडू मारत होता. एक मारायचा, परत आलेला थांबवायचा, पुन्हा मारायचा.

"किती जणांचा जातो?"

"चारातल्या एकाचा, साधारण. कमी असेल, जास्त असेल. मला नक्की कळूच शकत नाही."

"म्हणजे तिघांचा जात नाही."

"अधी."

"आणि मी त्या तिघांतला असलो तर?" चेंडू भिंतीवर आपटून परत आला. "तुझं गणित सगळ्या तालमीचं आहे, दीदी. मी एकटा आहे. माझा गुडघा पाव तुटणार नाही. एक तर तुटेल, नाहीतर नाही. पण तू पट्टा पुन्हा हिरवा केलास, तर मी पडणार हे शंभर टक्के. सगळ्यांसमोर. त्या गोव्याच्या माणसासमोर."

"गेला तर गोव्याला काय घेऊन जाशील? कुबड्या?"

"आणि नाही गेलो तर? इथेच राहायचं? तुझ्यासारखं?"

बोलल्यावर त्याने चेंडू हातात घेतला. माफी मागावी असं त्याला वाटलं असावं, पण मागितली नाही. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "भांडून झालं असेल तर ताटं घ्या." दोघांनी ताटं घेतली.

घाटवेसविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या सकाळी देवयानी तालमीत एकटी गेली आणि सगळे पट्टे मूळ मांडणीवर आणले. लपवालपवी केली नाही. लपवता आलंही नसतं. दिवा कुणालाही दिसतो.

मैदानाच्या कडेला, तंबूत, पट्टा बांधताना अधिराजने गुडघ्याकडे पाहिलं.

"निळा कर."

"नाही."

"दीदी, सगळ्यांचे राहू दे. माझा एकट्याचा कर. मी लिहून देतो हवं तर."

तिच्या बोटाखाली टॅब होता. एका स्पर्शाचं काम होतं. तो बावीस वर्षांचा होता, गुडघा त्याचा होता, स्वप्न त्याचं होतं, आणि तो म्हणत होता त्यात चुकीचं काहीच नव्हतं. चुकीचा होता तो निळा दिवा. गिरकी सुरक्षित आहे असं तो सांगत होता आणि ते खोटं होतं. तिनेच शिकवलेलं खोटं.

"पट्ट्याशिवाय खेळता येत असतं, तर तू काढलास म्हणून मी अडवलं नसतं," ती म्हणाली. "पण निळा म्हणजे मी सही करून सांगणं की काही होणार नाही. ते मी नाही सांगणार."

पंचांचा माणूस आला आणि त्याने मांडण्या कुलूपबंद केल्या. अधिराज उठला. "बरं. मग आईला तूच सांग, मी का हरलो ते."

*

तो वाईट खेळला नाही. तिला नंतर पुष्कळ दिवस हेच आठवत राहिलं. गिरकी टाळून तो लवकर पास देत होता, रिकाम्या जागा शोधत होता, मध्यंतरापर्यंत घाटवेसला गोल करू दिला नव्हता. पण गोव्याहून आलेला टोपीवाला माणूस फोन बघत होता. पास देणारे खेळाडू गोव्यातही मिळतात.

शेवटची काही मिनिटं उरली. गोल कोणाचाच नव्हता. चेंडू गोलपासून हाकेच्या अंतरावर अधिराजच्या पायाशी आला. समोर एकच बचावपटू. तो डावीकडून आला, खोटा. अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं की तो खोटा आहे. टोपीवाल्याने मान वर केली. चिंचतळीची गॅलरी एका आवाजात ओरडली, "गिरकी!"

देवयानी उभी राहिली. "पास दे, अधी," ती म्हणाली, पण स्वतःलाच ऐकू येईल एवढ्याने.

तो गिरकीला गेला. पट्टा काय करणार हे माहीत असून गेला. कदाचित त्याला वाटलं असेल, जोराने गेलो तर पट्टा मागे पडेल. पट्टा मागे पडला नाही. अधिराज कडक पाय घेऊन तोंडावर आपटला, चेंडू सुटला, घाटवेसच्या तिघांनी तो मैदानभर पळवला आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला.

त्यानंतरच्या आवाजात तिला पट्टेवालीला दिलेल्या शिव्या वेगळ्या ओळखू येत होत्या. आबा तिच्याकडे न बघता समोरून गेले. टोपीवाला घाटवेसच्या बचावपटूशी हस्तांदोलन करत होता.

टॅबवर तीच ओळ होती. 'उजवा गुडघा. धोका टळला.' तिने त्या क्षणाचे आकडे उघडले. कोन, पीळ, वेग. पीळ आजवरच्या त्याच्या कुठल्याही गिरकीपेक्षा जास्त होता. पण गेला तोही जास्त जोराने होता. दोर तुटला असता का? आकडे तिथेच थांबत होते, कारण पट्ट्याने हालचालच तिथे थांबवली होती. पुढचं काहीच घडलं नव्हतं, आणि जे घडलं नाही ते मोजता येत नाही. तो तिघांतला होता की चौथा, हे आता तिला, त्याला, आबांना, कोणालाही कधीच कळणार नव्हतं. तिच्या बाजूने दाखवायला तिच्याकडे काहीही नव्हतं.

ती खेळाडूंच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. एकेक जण मान खाली घालून गेला. सगळ्यांत शेवटी अधिराज आला. केसांत माती, हनुवटी खरचटलेली, पट्टा काढून हातात. त्याला ती दिसली. तो थांबला, पट्टा तिथेच जमिनीवर टाकला आणि वळून मैदानाच्या कुंपणभिंतीकडे निघाला.

"अधी, दार इकडे आहे!"

तो पळाला. भिंत पुरुषभर उंच होती. त्याने वर हात टाकले, अंग झोकलं, क्षणभर माथ्यावर उकिडवा बसला आणि पलीकडच्या रस्त्यावर त्याने सरळ उडी मारली.

देवयानी दाराबाहेर धावली. तो रस्त्याच्या कडेने दूर चालला होता, मुठी आवळून, रागाने पाय आपटत. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ती फक्त त्याची चाल बघत राहिली, शिकली होती तशी, कुठे लंगड दिसते का ते शोधत, आधी एका पायाची, मग दुसऱ्याची. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्हींत काही फरक नव्हता.